पोटमा गॅस, डोकामा इचार: ताणाकडे वैद्य कसा बघतो

प्रश्न खानदेशातल्या चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. यजमान ४२ वर्षांचे, केळी आणि कापूस करतात. गेल्या हंगामात वादळाने केळीबाग आडवी झाली. सोसायटीचं आणि खासगी मिळून डोक्यावर कर्ज झालं. काही महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. पोट फुगलेलं, छातीत जळजळ, संडास साफ नाही, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड. कुणीतरी सांगितलं म्हणून अश्वगंधेची पावडर रोज सकाळी उपाशीपोटी दुधातून सुरू केली. फरक पडला नाही, उलट जळजळ वाढली. ताई विचारतात: डोस वाढवू का? शिरोधारा केली तर? की आयुर्वेदात ताणावर दुसरं काही औषध आहे?

ताई, डोस वाढवू नका. अश्वगंधा आजपासून थांबवा. औषध चांगलंच आहे, पण यजमानांचं पोट ते घ्यायच्या स्थितीत नाही. ती उष्ण वीर्याची, म्हणजे अंगात उष्णता वाढवणारी. त्यात आपल्याकडे वैशाखाचं ऊन, पारा ४५ अंशांच्या आसपास, आधीच पित्त वाढलेलं, कोठा बांधलेला, आणि त्यावर उपाशीपोटी दूध-पावडर. जळजळ वाढली नसती तरच नवल.

पुढचं सगळं सांगण्याआधी एक विचारतो, आणि यावर आडपडदा ठेवू नका. यजमान कधी ‘आता जगून काय करायचं’ अशा अर्थाचं काही बोलले आहेत का? एकदम गप्प होणं, देणंघेणं मिटवून टाकण्याची घाई, दारू नव्याने सुरू होणं किंवा वाढणं, असं काही? असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, फोन मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि असं काही नसलं तरी एक काम करा: फवारणीच्या औषधांचे डबे घरातून, गोठ्यातून हलवा, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या. कापूसवाल्या घरात हे औषध हाताशी असतं आणि वाईट क्षण फार लांबीचा नसतो. विचारल्याने माणसाच्या मनात तसे विचार येतात, ही समजूत खोटी आहे. सरळ विचारा.

आता मूळ मुद्दा. ताणाची तक्रार घेऊन येणारा आपल्या भागातला माणूस ‘मला ताण आहे’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, पोटमा गॅस, डोकामा इचार. मला हे निदान बऱ्याच रिपोर्टांपेक्षा नेमकं वाटतं. आयुर्वेदाच्या चरकसंहिता या जुन्या ग्रंथात, विमानस्थान या भागाच्या दुसऱ्या अध्यायात एक श्लोक आहे:

मात्रयाऽप्यभ्यवहृतं पथ्यं चान्नं न जीर्यति।
चिन्ताशोकभयक्रोधदुःखशय्याप्रजागरैः॥

मापात खाल्लेलं, पथ्याचं अन्नसुद्धा पचत नाही. कारण चिंता, शोक, भय, राग, त्रासाचं अंथरूण आणि जागरण. यजमानांच्या बाबतीत यातलं काय नाही, ते शोधावं लागेल. चिंता कर्जाची, शोक आडव्या झालेल्या बागेचा, राग घरच्यांवर निघणारा, आणि रात्री मोटार चालू करायला शेतात जायचं म्हणजे बिबट्याची धास्ती आलीच. अग्नी, म्हणजे पचनाची ताकद, मंद झाला की अन्न अर्धवट पचतं, गॅस धरतो, वायू वर उसळतो आणि झोप मोडतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी अग्नी आणखी मंद. हे चक्र कुठून सुरू झालं याचा शोध घेत बसण्यापेक्षा ते कुठे तोडता येईल हे बघणं वैद्याचं काम. कर्ज मी फेडू शकत नाही. पण चक्र पोटात आणि अंथरुणात तुटतं, आणि ते तुटलं की कर्जाचा विचार करायला माणूस थोडा शुद्धीवर येतो.

ताणाच्या आधुनिक शास्त्राची वाटही सुरुवातीला पोटातूनच गेली, हे मला गमतीचं वाटतं. १९३६ साली हान्स सेली या संशोधकाने वेगवेगळ्या प्रकारे त्रास दिलेल्या उंदरांवरची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्या उंदरांच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी सुजल्या होत्या आणि जठरात व्रण पडले होते.

पहाटे तीनचं जाग येणंही आम्हाला अपरिचित नाही. रात्रीचा शेवटचा प्रहर वाताचा. दिवसभर उपास, धावपळ, रात्री उशिरा कोरडं-तिखट जेवण असं चाललं की वाढलेला वात नेमका त्याच वेळी माणसाला उठवतो आणि डोक्यात हिशोब सुरू होतात. मानसोपचारतज्ज्ञ मात्र हेच लक्षण, म्हणजे नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येणं आणि सकाळीच मन सगळ्यात जड असणं, नैराश्याची खूण म्हणून बघतात. दोन्ही ध्यानात ठेवा. तीन-चार आठवडे नेमाने पथ्य पाळूनही पहाटेची जाग आणि उदासी हटली नाही, तर माझ्या पथ्याला चिकटून बसू नका, त्यांना दाखवा. आयुर्वेद चालू असताना मानसोपचार घेण्यात काहीच विसंगत नाही.

सगळ्यांचा ताण एकाच जातीचा नसतो, हेही सांगून ठेवतो. वातप्रधान माणूस झोप हरवतो, वजन हरवतो, बोलताना विषयावरून विषयावर जातो. पित्तप्रधान माणूस चिडतो, त्याला जळजळ, तोंड येणं, डोकेदुखी होते. बाजारपेठेतले, सतत व्यवहारात असलेले लोक बहुतेक या गटात दिसतात. कफप्रधान माणूस मात्र जास्त झोपतो, गोड खातो, घराबाहेर पडत नाही आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. त्याला दूध-तूप देऊन, तेल लावून निजवलं तर त्याचं नुकसान होईल. त्याला उठवून चालवायला हवं. तुमच्या यजमानांचं वर्णन वात-पित्ताचं आहे, म्हणून खालचं सगळं त्या हिशोबाने आहे. शेजारच्या दादांना ते जसंच्या तसं सांगू नका.

पहिलं, ताट. सकाळी उठल्याउठल्या कोरा किंवा दुधाचा चहा आणि त्याबरोबर तंबाखूची चिमूट, हा आपल्याकडचा नाश्ता बंद करायचा आहे. एकदम सुटणार नाही. आधी पाणी, मग काहीतरी खाणं, आणि त्यानंतर चहा, एवढा क्रम बदलला तरी पहिल्या आठवड्यात जळजळ उतरते. दुपारचं जेवण शेतात दोनला, कधी चारला होतं. ते साडेबारा-एकला बांधून घ्या. अडवू नयेत असे शरीराचे १३ वेग, म्हणजे नैसर्गिक हाका, चरकाने सांगितले आहेत; भूक दाबून ठेवणं म्हणजे त्यातला एक अडवणं. ज्वारीची भाकरी, मुगाचं किंवा तुरीचं वरण, दोडकं, गिलकं, दुधीभोपळा, वर घरचं तूप चमचाभर, शेवटी जिरं लावलेलं पातळ ताक. कळण्याची भाकरी आपली लाडकी, पण तिच्यात उडीद असतो. पोट फुगणाऱ्याला ती सध्या दुपारीच आणि कमी. बट्टी तर सणाला.

रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि हलकं: मुगाची खिचडी-तूप किंवा भाकरी आणि साधी भाजी. शेवभाजी, काळ्या मसाल्याची तर्री, ठेचा हे रात्री नको. भरीत हिवाळ्याची चीज आहे, तेव्हा ते अग्नीला पेलतं. उन्हाळ्यात हिरव्या मिरचीचं झणझणीत भरीत आणि पित्ताचा माणूस एका ताटावर बसवू नयेत. रात्री दही नाही. केळीवाल्या घरात हे सांगणं धाडसाचं आहे, पण दूध आणि केळं एकत्र, म्हणजे आपलं शिकरण, हे चरकाच्या विरुद्ध अन्नाच्या, म्हणजे एकत्र खाऊ नये अशा पदार्थांच्या, यादीत बसतं. पिकलेलं केळं नुसतं, दुपारी, भूक चांगली असेल तर जरूर खावं.

संडास साफ होण्यासाठी १०-१५ काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी चावून खाव्यात आणि रात्री कोमट पाण्यातून चमचाभर तूप घ्यावं. साखरेचा आजार असेल तर मनुका टाळा. रोज जुलाबाची पावडर घेण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती लावू नका; वात त्याने आणखी कोरडा होतो.

दुसरं, झोप. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ‘रात्री दहाला झोपा, पहाटे उठा’ हे शहरातलं वाक्य शेतकऱ्याच्या तोंडावर मारण्यात अर्थ नाही. ज्या आठवड्यात लाईट रात्रीची असते, त्या आठवड्यात ठिबक असलं तरी मोटार बघायला, व्हॉल्व्ह बदलायला जावंच लागतं. वाग्भटाने अष्टांगहृदय या आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात या माणसाचा विचार केलेला आहे: सवय नसताना जागरण घडलं, तर जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावं. म्हणजे चार तास गेले तर सकाळी दोन तास. काही न खाता, हे त्यातलं महत्त्वाचं. रात्रपाळीवरून आलेला माणूस बहुधा पोटभर खाऊन आडवा होतो आणि उठतो तो डोकं धरून. भुसावळला रेल्वेत पाळीने काम करणाऱ्या रुग्णांनाही मी हेच सांगतो आणि त्यांना ते मानवतं. दिवसा झोपू नये हा नियम उन्हाळ्यात सैल आहे, ग्रीष्मात दुपारची थोडी झोप ग्रंथांनी मान्य केली आहे.

झोप आणणाऱ्या पदार्थांत चरकाने म्हशीचं दूध श्रेष्ठ मानलं आहे, आणि ते आपल्या घरी आहे. पण ते पोट सुधारल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, कपभर, कोमट, जेवणानंतर दोन तासांनी. दुधात जायफळ घालायचा सल्ला तुम्हाला दहाजण देतील. जायफळ झोप आणतं हे खरं, पण ते मळ बांधतं. यजमानांचा कोठा आधीच बांधलेला आहे, म्हणून त्यांना नको. ज्यांना चालतं त्यांनाही चिमटीपेक्षा जास्त नको, जास्त जायफळ विषारी ठरतं.

रात्री आठनंतर मोबाईलवर सावदा-रावेरचे केळीचे भाव बघणं बंद. भाव रात्री बघितल्याने वाढत नाही, आणि माल कापायचा निर्णय सकाळीच व्हायचा असतो.

तिसरं, तेल. झोपायच्या आधी दोन्ही तळपायांना खोबरेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने दहा-दहा मिनिटं घासा. वाटी काळी पडते ती ‘शरीरातली उष्णता निघते म्हणून’ असं सांगितलं जातं. धातू, तेल आणि घाम यांच्यामुळेही ती काळी पडते, त्यामुळे काळेपणा मोजत बसू नका. डोळ्यांची आग कमी झाली का आणि झोप किती लागली, ते बघा. टाळूवर थोडं खोबरेल. आंघोळीआधी अंगाला तिळाचं तेल लावायचं असेल तर ते पावसाळा लागल्यावर, आत्ता नाही. अजीर्ण झालेलं असताना, ताप किंवा सर्दी असताना तेल लावू नये. आणि पाय पुसून मगच फरशीवर उतरायला सांगा.

शिरोधारेचं विचारलंत. चांगला उपचार आहे. डोक्यावर तेलाची धार धरणं हे वाग्भटाच्या मूर्धतैलाच्या, म्हणजे डोक्यावर तेल वापरण्याच्या, चार प्रकारांत येतं, आणि पित्त असेल तर ताकाची धारा, म्हणजे तक्रधारा, जास्त योग्य. पण ती बहुधा सलग सात किंवा जास्त दिवस करावी लागते, खर्च होतो, आणि धारा घेऊन रात्री परत मोटारीवर जायचं असेल तर पैसा पाण्यात. कर्ज असलेल्या घराला मी ती आत्ता सांगणार नाही. पोट आणि झोप रुळावर आल्यावर, काम कमी असेल त्या दिवसांत बघू. काशाची वाटी घरात आहे, तिचा खर्च शून्य.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण बाजार यावरच चालतो. ‘ब्राह्मी’ म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, खरी ब्राह्मी आणि मंडूकपर्णी. दोन्ही उपयोगी, पण एक नव्हेत. शंखपुष्पी, जटामांसी, तगर हे वैद्याने बघून द्यायचे. सर्पगंधा स्वतःच्या मनाने कधीही नाही: ती रक्तदाब उतरवते आणि उदास माणसाला आणखी उदास करू शकते. अश्वगंधेकडे आपण पुढे येऊ. जळजळ गेली, कोठा साफ झाला, ऊन उतरलं की ती रात्री जेवणानंतर, थोड्या मात्रेत, आणि मुळाचीच. पानांची पावडर मिसळलेला माल येतो, डबीवर ‘मूळ’ लिहिलेलं आहे का वाचा. गरोदर बाईने ती घेऊ नये. थायरॉईडची गोळी, झोपेची गोळी, साखरेची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्याने विचारूनच घ्यावी, आणि यकृताचा त्रास असणाऱ्याने टाळावी, कारण तिच्यामुळे कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. आठवडे बाजारात पुडीत मिळणारी ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ झोपेची पावडर एका रात्रीत झोप लावत असेल, तर तिच्यात ॲलोपॅथीची गोळी कुटलेली असण्याची दाट शक्यता आहे. परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसलेलं काहीही घेऊ नका.

औषध सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. चिडचिड, धडधड आणि निद्रानाश थायरॉईडनेही होतात. वर्षभर ताण समजून हिंडलेले लोक मी बघितले आहेत.

राहिलं मन. चरकाने पहिल्याच अध्यायात सांगून टाकलं आहे की शरीराचे दोष औषधाने शमतात, मनाचे ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी यांनी. म्हणजे चूर्णाने सगळं होईल असा दावा मूळ ग्रंथाचाही नाही. याला सत्त्वावजय चिकित्सा म्हणतात आणि ती ऐकायला मोठी वाटते, पण तुमच्या घरात तिचं पहिलं पाऊल म्हणजे एक वही. सगळं देणं एका पानावर लिहा: कुणाचं, किती, व्याज काय, तारीख कोणती. रात्री तीनला डोक्यात फिरणारा आकडा बहुतेक वेळा खऱ्या आकड्यापेक्षा मोठा असतो, आणि खरा आकडा लहान नसला तरी निदान ठरावीक असतो. ते पान घेऊन एखाद्या समजूतदार भावाला किंवा मेहुण्याला बरोबर घ्या आणि सोसायटीत, बँकेत वसुलीची नोटीस यायच्या आधी जाऊन बसा, हप्ते पाडून मिळतात का विचारा. खासगी सावकाराचं आधी बघा. पीकविम्याचा दावा केला होता का, त्याचं काय झालं, तेही विचारा. हे मी वैद्य म्हणून सांगतोय, चिकित्सेचा भाग म्हणून.

न अडवण्याच्या त्या १३ वेगांत भूक आणि झोपेसोबत अश्रूही आहेत. आपल्या बायकांना निदान आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊन झोक्यावर बसून गाण्यांतून सासरचं सगळं बोलून घेता येतं. पुरुषांसाठी असं काही आपण ठेवलेलं नाही. ते रडले तर मुलांना बाहेर पाठवा आणि त्यांना रडू द्या. ‘पुरुषासारखे पुरुष’ हे वाक्य घरात कुणाच्याच तोंडून येऊ देऊ नका, सासूबाईंच्याही. उलट राग, लोभ, मत्सर, भीती हे वेग मात्र चरक आवरायला सांगतो. राग आवरणं आणि रडू आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना शांतपणे सांगता आलं तर बघा.

प्राणायामाचं फार सांगत नाही. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं अनुलोम-विलोम, रात्री भ्रामरी. कपालभाती जळजळ असताना नको. शेतात दिवसभर चालणं होतं, पण ते काम आहे; संध्याकाळी काम नसताना गावाबाहेर तुम्ही दोघांनी मिळून अर्धा तास चालून या.

पहिले दहा दिवस फक्त जेवणाच्या वेळा, चहाचा क्रम आणि तळपायाचं तूप, एवढंच करा. सगळं एकदम सुरू केलं की चौथ्या दिवशी सगळंच सुटतं. रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा: संडास कसा झाला, झोप किती वाजता मोडली. तीन आठवड्यांनी ती वही आणि रिपोर्ट घेऊन जवळच्या नोंदणीकृत वैद्यांकडे जा, मग औषध ठरवता येईल.

आणि पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. यजमान जेवले नाहीत तर तुम्ही जेवता का? रात्री तीनला ते उठले की तुम्हीही जाग्या असता, हे गृहीत धरतो. रक्त तपासायला त्यांच्याबरोबर तुमचंही द्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तरी, आणि दुपारचं जेवण त्यांची वाट न बघता एकच्या आत घ्या.